फोटो आपले, दुकान दुसऱ्याचे

व्यापारी बंधूंनो, आम्ही कापडवाले साड्यांचे फोटो संकेतस्थळावर ठेवतो. दुसरा कोणी तेच फोटो आमच्या सर्व्हरवरून थेट स्वतःच्या पानावर दाखवतो. गिऱ्हाईक त्याचे, डेटाचा खर्च आमचा! २०० केबीचा फोटो १०,००० वेळा उघडला की सुमारे २ जीबी गेले.

ओळखावे कसे? होस्टिंगवाल्याकडून ‘अ‍ॅक्सेस लॉग’ मागवा. ही सर्व्हरची रोजकीर्द. फोटोच्या नोंदीतील ‘रेफरर’ रकान्यात परक्या साइटचे नाव वारंवार येते का, पाहा. २०२० पासून क्रोममध्ये सहसा साइटचेच नाव कळते, पान नाही. रकाना कोरा असेल तर लगेच संशय घेऊ नये.

खात्रीसाठी फोटोचे नाव बदला, आपल्या पानावरही दुरुस्त करा. तिकडचा फोटो गायब झाला, तर हिशेब पक्का. महिन्यातून एकदा ही वही जरूर चाळावी.