दोन ठोकळ्यांची दिनदर्शिका

कांहीं घरांत व कचेऱ्यांत मेजावर लाकडाचे दोन लहान ठोकळे एका खोबणींत शेजारी शेजारी ठेविलेले असतात. प्रत्येकाच्या सहा बाजूंवर एकेक अंक असतो. रोज सकाळीं ते फिरवून ठेविले कीं त्या दिवसाची तारीख दिसते. पहिली ०१ अशी, शेवटची ३१ अशी. दोन्ही ठोकळे नेहमीं दिसले पाहिजेत; मात्र डावीकडे कोणता ठेवावा हें आपल्या इच्छेवर. तर कोणत्या ठोकळ्यावर कोणते अंक कोरावे? वाचकांनीं येथें क्षणभर थांबून कागद व पेन्सिल हातीं घ्यावी.

आम्हीं प्रथम हा प्रश्न घेतला तेव्हां तो मोठ्या आत्मविश्वासानें अशक्य ठरविला. ११ व २२ या तारखांकरितां १ आणि २ हे अंक दोन्ही ठोकळ्यांवर हवेत, हें उघड आहे. शून्याचें काय? ०१ पासून ०९ पर्यंत शून्याशेजारीं नऊ निरनिराळे अंक यावयाचे. शून्य एकाच ठोकळ्यावर असेल तर ते नऊही अंक दुसऱ्याच्या सहा बाजूंवर बसवावे लागतील. तें होणें नाहीं. म्हणून शून्यही दोहोंवर हवें. अशा रीतीनें बारांपैकीं सहा बाजू संपल्या. उरल्या सहा, आणि ३ पासून ९ पर्यंतचे अंक तर सात!

हिशेबांत चूक नव्हती. एका बाजूवर एकच अंक वाचतां येतो, असें जें आम्हीं न बोलतां धरून चाललों होतों, तेथें चूक होती. बाजारांत मिळणाऱ्या ठोकळ्यांवर बहुधा इंग्रजी अंक असतात, आणि इंग्रजी सहा उलटा धरला कीं नऊ होतो. सहा व नऊ एकाच तारखेंत कधींच येत नसल्यानें एका बाजूवर दोघांचें काम भागतें. मग एकावर ०, १, २, ३, ४, ५ व दुसऱ्यावर ०, १, २, ६, ७, ८ घातले कीं झालें. इंग्लंडांतील जॉन सिंगलटन यांनीं १९५७-५८ च्या सुमारास या युक्तीचें पेटंट घेतलें होतें. १९६५ मध्यें तें त्यांनीं सोडून दिलें. पुढें अमेरिकेंतील मार्टिन गार्डनर यांनीं 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांतून हें कोडें पुष्कळांच्या घरीं पोंचविलें.

"पण आपल्या अंकांचें काय?" असें एका विद्यार्थ्यानें विचारिलें, तेव्हां आम्हांस पुन्हां बसावें लागलें. आपला ६ उलटा केल्यानें ९ होत नाहीं. ३ उलटा धरल्यास ६ चा भास होतो खरा, परंतु खालचें शेपूट वर जातें; वाचणारा फसावयाचा नाहीं. म्हणजे तेरा अंक व बारा बाजू ही अडचण येथें खरीच आहे. तेव्हां दुसरी अट तपासावी. १ ते ९ या तारखांपुढें शून्य हवेंच कशाला? आपण बोलतांना वा लिहितांना 'शून्य पांच तारीख' असें म्हणत नाहीं. तें शून्य टाकलें तर फक्त १०, २० व ३० यांसाठीं शून्य लागतें आणि तें एकाच ठोकळ्यावर पुरतें. एकावर ०, १, २, ४, ५, ६. दुसऱ्यावर १, २, ३, ७, ८, ९. बाराही बाजू नेमक्या भरल्या! महिन्याचे पहिले नऊ दिवस एक ठोकळा बाजूला ठेवावा लागतो, हें आम्हांस थोडें खटकतें. पण घरीं सुताराकडून ठोकळे करून घेणाऱ्या पालकांना ही मांडणी उपयोगी पडेल.

आतां एक काम वाचकांसाठीं. इंग्रजी महिन्यांचीं तीन-तीन अक्षरीं संक्षिप्त नांवें लहान लिपींत तीन ठोकळ्यांवर दाखवावयाचीं आहेत. अक्षरें एकोणीस लागतात, बाजू अठरा. लहान 'एन्' उलटा केला कीं 'यू' होतो, 'पी' चा 'डी' होतो. मात्र जूनमध्यें 'यू' व 'एन्' दोन्ही एकदम हवेत, म्हणून तें अक्षर दोन ठोकळ्यांवर घालणें भाग आहे. पहिल्या ठोकळ्यावर जे, जी, एम्, पी, बी व ओ घाला. उरलेल्या दोहोंच्या बारा बाजू वाचकांनीं भराव्या, आणि जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत प्रत्येक नांव ठोकळे फिरवून पाहावें.