मांजर घरात घाण करतं तेव्हा

दिवाळी झाली, कापसाची वेचणी उरकत आली, की गेवराई, माजलगाव, वडवणीकडून एक तक्रार हमखास येते. भाव वाढेल या आशेवर कापूस घरातल्याच एका खोलीत रचून ठेवलेला असतो आणि मांजर नेमकं त्यातच जाऊन लघवी करतं. पांढऱ्या कापसावर पिवळे डाग पडतात, खोलीत उग्र वास कोंडतो आणि व्यापारी ओला, डागी माल म्हणून भाव पाडतो. वर्षभराच्या कष्टाचा माल असा नासला तर राग येणारच. त्या रागात मांजराला काठी बसते, नाहीतर पोत्यात घालून त्याला लांबच्या शिवारात सोडून दिलं जातं. पाळीव जनावराला मारहाण करणं आणि उपाशी मरायला सोडून देणं, हे दोन्ही 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हे आहेत. शिवाय त्याने कापूसही वाचत नाही, कारण महिन्याभरात दुसरं मांजर त्याच खोलीत येतं.

मांजर सूड म्हणून घाण करत नाही, ही गोष्ट आधी मनात पक्की करा. आपल्या घरातल्या मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातले रानमांजर. भुसभुशीत जागा उकरायची, तिथे विधी करायचा आणि वरून झाकायचं, ही त्याची उपजत सवय आहे. शहाबादी फरशीच्या घरात त्याला उकरायला काही मिळत नाही. मग कापूस, घडी घालून ठेवलेली वाकळ किंवा बांधकामाची वाळू यांतलं जे हाती लागेल ते चालतं. यांत कापूस सगळ्यांत मऊ, वर ती खोली शांत आणि अंधारी.

पण जागा बदलण्याआधी मांजराची तब्येत पाहा. आजवर नीट वागणारं मांजर अचानक कुठेही लघवी करू लागलं, तर तो आजार समजून चाला. विशेषतः बोका. तो पुन्हा पुन्हा बसतो, कुंथतो, ओरडतो, थेंब दोन थेंब होतात, त्यात कधी रक्त दिसतं आणि मागची जागा तो सारखी चाटत राहतो. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. खडे किंवा चिकट गाठ त्यात अडकली की लघवी पूर्ण तुंबते. मूत्रपिंडं बंद पडतात, रक्तात पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि एक-दोन दिवसांत बोका दगावतो. घरच्यांना वाटतं शौचाला होत नाही, म्हणून ते एरंडेल पाजतात आणि तिथेच मोलाचे तास हातचे जातात. लघवी अडकलेल्या बोक्याला सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्या. नळी घालून मूत्राशय मोकळं करावं लागतं, त्याला घरगुती उपाय नाही. जवळ सोय नसेल तर परभणीचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे, परळी-माजलगावकरांना ते फार लांब नाही.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत ही काळजी जास्त घ्यायला हवी. पारा चाळिशीच्या वर, पाणी टँकरचं, आणि मांजर मुळातच कमी पाणी पितं. पाण्याचं पसरट भांडं जेवणाच्या ताटलीपासून दूर ठेवा, घरात दोन-तीन ठिकाणी ठेवा आणि रोज बदला. कोरडा बाजारी खाऊ देत असाल तर तो पाण्यात भिजवून द्या.

तब्येत ठीक असेल, तर एक जुनं घमेलं घ्या. त्यात तीन-चार बोटं बारीक वाळू किंवा चाळलेली माती भरा आणि ते कापसाच्या खोलीच्या दाराशीच ठेवा. मांजर जिथे जातंय तिथूनच सुरुवात करायची. ते घमेलं वापरायला लागलं की रोज हातभर सरकवत तुम्हाला हव्या त्या कोपऱ्यात न्या. घाण रोज काढा, आठवड्याला वाळू बदला. अस्वच्छ घमेल्याकडे मांजर पाठ फिरवतं. घरात दोन मांजरं असतील तर तीन घमेली लागतील. गरोदर बाईने मात्र घमेल्याला हात लावू नये. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी पोटातल्या बाळापर्यंत पोचू शकतो. हे काम घरातल्या दुसऱ्या कुणी करावं आणि हात साबणाने धुवावेत.

दरम्यान कापसावर ताडपत्री टाका आणि खोलीचं दार बंद ठेवा. डागाळलेली वाकळ गरम पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा. जुना वास राहिला तर मांजर त्याच जागी परत जाणार.

भिंतीवर, कणगीवर, मोटारसायकलच्या चाकावर शेपूट ताठ करून उभ्याने फवारा मारणाऱ्या बोक्याची गोष्ट वेगळी. ती हद्दीची खूण आहे आणि घमेल्याने ती थांबत नाही. शस्त्रक्रियेने थांबते: खच्चीकरण केलेल्या दहापैकी जवळपास नऊ बोक्यांमध्ये हा प्रकार बंद होतो किंवा खूप कमी होतो. मांजरी माजावर आली की रात्रभर ओरडते, जमिनीवर लोळते. पुष्कळांना तो पोटदुखीचा त्रास वाटतो. पाचव्या महिन्याच्या आसपास नसबंदी केली तर हे ओरडणंही थांबतं आणि वर्षाला दोन-तीनदा होणारी पिल्लं कुठे द्यायची हा प्रश्नही उरत नाही.

मारण्याविषयी स्पष्टच लिहितो. नाक घाणीत घासणं, पाण्यात बुडवणं, चप्पल फेकणं, यांतून मांजर काहीही शिकत नाही. केलेल्या गोष्टीचा आणि तिच्या परिणामाचा संबंध त्याला क्षणा-दोन क्षणांपुरताच जोडता येतो. तासाभराने बसलेल्या माराचा अर्थ त्याच्या लेखी एकच, हा माणूस धोक्याचा आहे. घाबरलेलं मांजर लपून, आणखी आतल्या कोपऱ्यात घाण करतं.

याहून जास्त भीती मला घरोघरी वापरल्या जाणाऱ्या विषांची वाटते. मांजराला दूर ठेवायला लोक डांबरगोळ्या टाकतात, फिनेल शिंपडतात, तिखट भुरभुरवतात. फिनेलमधली रसायनं पचवणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते. पंजाला लागलेलं फिनेल ते चाटतं आणि विषबाधा होते. डांबरगोळीने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. गाईम्हशींना गोचिडांसाठी लावतात ते पायरेथ्रॉइड गटातलं औषध मांजराला चोळलं तर ते थरथरू लागतं, झटके येतात. आणि मांजर कण्हतंय, अंग गरम लागतंय म्हणून पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. अर्ध्या गोळीनेही मांजर मेलेलं आहे. वासानेच दूर ठेवायचं असेल तर मोसंबीच्या ताज्या साली ठेवा. कुंड्यांच्या मातीत त्या चांगल्या चालतात. मात्र लिंबूवर्गीय तेलं लावू नका, तीही विषारी आहेत.

नखांनी दार, बाज, सोफा ओरबाडणं ही मांजराची गरज आहे. नखावरचं जुनं टरफल त्याने निघतं, पाठ ताणली जाते आणि पंजातल्या ग्रंथींचा वास त्या जागी राहतो. म्हणून त्याला स्वतःचा खांब द्या. बाभळीचा किंवा लिंबाचा अडीच फुटी ओंडका, त्यावर घट्ट गुंडाळलेला काथ्याचा दोर, आणि खाली न हलणारी बैठक. खांब डगमगला तर मांजर त्याला पुन्हा शिवत नाही. पावसाळ्यात बांधावर, उकिरड्याच्या कडेला खोकली नावाचं तण उगवतं. ते मुळासकट उपटा, मूळ ठेचा आणि खांबावर चोळा. त्या वासाने मांजर गुंगल्यासारखं होतं, खांबाला अंग घासतं, लोळतं. पाश्चात्त्य देशांत कॅटनिप विकत घेतात. आपल्याकडे खोकली फुकट आहे.

दूध-मासे चोरणाऱ्या मांजराच्या पोटात काय जातं तेही पाहा. नुसत्या दूध-भाकरीवर मांजर जगू शकत नाही. टॉरिन हा घटक त्याला मांस, मासे किंवा बाजारी मांजर-खाऊ यांतूनच मिळतो. तो कमी पडला की डोळे जातात, हृदय कमजोर होतं. मोठ्या मांजराला दूध पचतही नाही, जुलाब होतात. घरात मांसाहार होत नसेल तर निदान मांजराच्या ताटलीपुरती वेगळी सोय करा. ती करायची तयारी नसेल तर मांजर पाळू नका. चिमण्या किंवा शेजाऱ्यांची कोंबडीची पिल्लं मारणाऱ्या मांजरालाही पोटभर मांसाहारी खाऊ आणि रोजचा खेळ यांचा उपयोग होतो. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या 2021 मधल्या अभ्यासात मांसयुक्त खाऊ दिलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार 36 टक्क्यांनी कमी झाली, आणि रोज पाच-दहा मिनिटं खेळवलेल्यांची 25 टक्क्यांनी.

हा खेळ दोरीला बांधलेल्या चिंधीने खेळा, हाताने नाही. हात चावायची सवय आपणच लावतो. झोपण्याआधी खेळवून मग खायला दिलं, तर पहाटे चारला उठवणारं मांजरही सुस्तावतं. तरीही ओरडलं तर उठू नका. सुरुवातीचे काही दिवस ते जास्त ओरडेल. त्या दिवसांत एकदा जरी उठून दूध दिलंत, तर जास्त ओरडल्यावर मिळतं हे त्याला कळतं.

मांजर चावलं किंवा त्याने ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, त्यावर हळद-चुना लावू नका आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. रेबीज मांजरापासूनही होतो. तुमच्या मांजराला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची पहिली लस द्या, नंतर दरवर्षी द्या आणि लसीचं कार्ड घरात सापडेल अशा जागी ठेवा.