वेगाचा आकडा बाजूला ठेवा

गणपती गेले की आमच्या ओहायोत फोन सुरू होतात. "काका, यंदा हरणाचं परमिट काढतोय. साडेचारशे एफपीएसवाला क्रॉसबो घेऊ ना?" इथला धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरअखेर उघडतो आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. सुरुवातीचे दिवस पितृपंधरवडा आणि नवरात्रातच जातात, घरात मटण चालत नाही. मग एवढी घाई कशाची? (भारतातल्या वाचकांनी मनातही आणू नये; तिथे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हा गुन्हा आहे. इथेही सुरक्षेचा कोर्स आणि लायसन्स आधी, धनुष्य नंतर.)

एफपीएस म्हणजे बाण सेकंदाला किती फूट जातो. खोक्यावर तोच आकडा सगळ्यात मोठा छापतात. पण आपल्या रानात हरीण येतं वीस-तीस यार्डांवर. तीस यार्डांवर चारशे आणि साडेचारशेमधला फरक भरतो सेकंदाचा चाळिसावा भाग. शिवाय आवाज सेकंदाला अकराशे फुटांच्या वर धावतो, म्हणजे दोरीचा आवाज बाणाच्या आधी पोचणारच. बिचकलेलं हरीण पळण्याआधी खाली दबतं आणि बाण वरून जातो. त्यावर उपाय एकच, जवळचं आणि बेसावध सावजच टिपायचं.

मग बघायचं काय? आधी आपली कंबर. दोनशे पौंडांचा क्रॉसबो ताणायचा म्हणजे नव्वद किलो ओढायचे. पुढच्या रिकिबीत पाय अडकवून दोरखंडाच्या हुकांनी ओढलं तर भार निम्म्यावर येतो. नुसत्या हातांनी ओढूच नका. दोरी जराशी एका बाजूला गेली तरी नेम सरकतो. हँडलवाल्या क्रॅंकने भार अगदीच हलका होतो, पण वेळ लागतो आणि पैसेही जास्त जातात. पन्नाशीच्या पुढच्यांनी मात्र ते पैसे जरूर घालावेत. दुकानात जाड जाकीट घालून, लागोपाठ तीनदा ताणून पाहा. मग तो खांद्याला लावून मिनिटभर तसाच धरा. सहा-सात पौंडांचं वजन, तेही पुढच्या बाजूला. पुढचं टोक डोलायला लागलं की कळतं.

वळलेल्या पात्यांचा रिकर्व्ह की चाकांचा कंपाउंड, यावर भांडणारे भरपूर आहेत. रिकर्व्ह साधा, त्याची दोरी रानातही बदलता येते, पण पसारा मोठा. मचाणावर बसणाऱ्याने बुंध्याला तो आपटेल का, हे आधी पाहावं. कंपाउंड अंगाने आटोपशीर, पण दोरी बदलायला बहुतेक वेळा दुकानातल्या, पाती दाबून धरणाऱ्या प्रेसवरच न्यावा लागतो.

बाणांचं मात्र नीट ऐका. माझ्या पहिल्या क्रॉसबोच्या पुस्तिकेत अर्धचंद्राकार खाचेचे बाण लिहिले होते. दुकानदाराने सपाट बुडाचे बांधून दिले आणि वर "सगळे चालतात" म्हणाला. क्लबच्या मैदानावर एका संध्याकाळी चाप दाबला, तर दोरी बाणाला ढकलण्याऐवजी त्याच्या वरून निसटली. सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. बाण समोर चार हातांवर गवतात आडवा, आणि धनुष्याचं उजवं पातं मधोमध उभं चिरलेलं. गॉगल होता म्हणून डोळे वाचले. अशा रिकाम्या झटक्याला वॉरंटी नाही, हे त्याच दुकानदाराने दुसऱ्या दिवशी शांतपणे सांगितलं. बाण ठरलेल्या वजनापेक्षा हलका असला तरी धनुष्याला तसाच मार बसतो. म्हणून खाच आणि ग्रेनमधलं किमान वजन, दोन्ही पुस्तिकेशी ताडून मगच पैसे द्या. बाण नसताना चाप सुटू न देणारा खटका असलेलाच क्रॉसबो घ्या, पण त्याच्यावरही फार विसंबू नका.

पुढच्या मुठीला अंगठा वर जाऊ न देणारी कड हवी. दोरी पन्हळीवरून सुटते तेव्हा वाटेत आलेला अंगठा तिला दिसत नाही.

आणि दोरीचा ताण उतरवायचा कसा, ते कोणी विचारतच नाही. बहुतेक संध्याकाळी हरीण येत नाही, आणि ताणलेला क्रॉसबो घेऊन मचाणावरून उतरायचं नाही की गाडीत ठेवायचा नाही. काही क्रॅंकवाल्यांत दोरी हळूहळू पुढे सोडता येते. बाकीच्यांत बोथट टोकाचा जुना बाण मऊ मातीत किंवा टार्गेटमध्ये मारून मोकळं व्हावं लागतं. तुमच्यात कोणती सोय आहे, ते दुकानदाराला तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. "यूट्यूबवर बघा" म्हणाला, तर दुसरं दुकान गाठा.