खानदेशातील दारूबंदी

यावल-चोपड्यापासून शिरपूर-शहाद्यापर्यंत, सातपुड्याच्या पायथ्याशी, उन्हाळा तोंडावर आला की मोहाची फुले टपटपू लागतात. भल्या पहाटे बायका-मुले टोपल्या घेऊन झाडांखाली जमतात. वाळलेली फुले टंचाईच्या दिवसांत पोटाला आधार देतात. बियांचे तेल निघते. ह्याच फुलांची दारूही होते. देवकार्यात तिची धार भूमीवर सोडण्याची चाल भिल्ल व पावरा समाजांत पूर्वापार आहे. झाड एकच, ते घर तारते आणि घर बुडवतेही.

इंग्रजी अमलात घरची दारू परकी झाली. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानंतर ती गाळण्याचा व विकण्याचा हक्क मक्तेदारांच्या हाती गेला. सरकारची तिजोरी भरू लागली. मजुराची कनवटी मात्र रिकामी होऊ लागली. बाजारच्या दिवशी घरी मीठ-मिरची पोचण्यापूर्वीच आठवड्याची कमाई गुत्त्यावर संपे.

ह्या नाशाविरुद्ध डोंगरातूनच आवाज उठला. तळोदे तालुक्यातील मोरवड येथील गुलाम महाराजांनी १९३७-३८ च्या सुमारास आपल्या बांधवांना दारू सोडण्याची शिकवण दिली. हजारो लोक त्यांच्या आरतीला जमू लागले. त्यांच्यापाशी ना शिपाई होता, ना दंड. माणसाने स्वतःशी केलेला निश्चय एवढेच त्यांचे बळ. १९३८ मध्ये ते निवर्तले. पुढे त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते कार्य चालवले.

स्वातंत्र्यानंतर कायदाही मदतीस आला. १९४९ मध्ये मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी सुरू झाली. पूर्व व पश्चिम खानदेश, म्हणजे पुढचे जळगाव व धुळे जिल्हे, ह्याच राज्यात होते. गुत्त्यांना कुलपे लागली; पण तहान गेली नव्हती. नाल्याकाठी चोरून हातभट्ट्या पेटू लागल्या. तेथील दारू कधी विषारी निघे आणि डोळे वा प्राण घेई. शिवाय बंदीचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. पैसेवाल्याला डॉक्टरच्या दाखल्यावर परवाना मिळू शके; देवकार्यासाठी मोह गाळणारा गरीब मात्र गुन्हेगार ठरे.

१९६० मध्ये महाराष्ट्र व गुजरात वेगळे झाले. गुजरातने बंदी कायम ठेवली. महाराष्ट्राने काही वर्षांतच ती सैल केली आणि पुढे देशी दारूची परवानाधारक दुकाने निघाली. नवापूरच्या रेल्वे स्थानकातून दोन्ही राज्यांची सीमा जाते. एकाच फलाटाच्या एका टोकाला बंदी, दुसऱ्या टोकाला नाही! फलाटावर सीमा आखता येते. मनातली सीमा ज्याची त्यालाच आखावी लागते.

हे शहाद्याच्या कष्टकरी स्त्रियांनी ओळखले. तेव्हा शहादे, तळोदे व नवापूर हे तालुके धुळे जिल्ह्यात होते. १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहेत. १९७२ मध्ये शहाद्यास श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती हे त्या लढ्याचे एक अग्रणी. जमिनीसाठी व मजुरीसाठी झगडणाऱ्या स्त्रियांना दिसले, की वाढलेली मजुरी दारूत जाते आणि मार मात्र आपल्या पाठीवर येतो. त्या एकजुटीने निघाल्या, भट्ट्यांवरची मडकी फोडली आणि मारकुट्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला.

आज महाराष्ट्रात गावातील निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी आडव्या बाटलीच्या चित्राला मत दिले, तर तेथील दारूचे दुकान बंद करता येते. ही गणती एकूण स्त्री-मतदारांची असते. म्हणून मत द्यायला न आलेली प्रत्येक स्त्री नकळत दुकानाच्याच बाजूला उभी राहते.

मोह दरवर्षी फुलतच राहील. त्याच्या फुलांचे काय करायचे, हे झाड ठरवीत नाही.

स्वाध्याय

१. 'घरची दारू परकी झाली' असे लेखकाने का म्हटले आहे?
२. गुलाम महाराजांची शिकवण आणि १९४९ चा कायदा ह्यांतील फरक सांगा.
३. 'मनातली सीमा ज्याची त्यालाच आखावी लागते' हे विधान आपल्या शब्दांत स्पष्ट करा.