क्रियाविशेषणे

पाऊस काल पडला. पाऊस सर्वत्र पडला. पाऊस रिमझिम पडला. पाऊस किंचित पडला. पडण्याचा काळ, स्थळ, रीत व परिमाण दाखविणारे हे शब्द क्रियाविशेषण अव्यये होत. मात्र केवळ शब्दावरून प्रकार ठरवू नये. ‘पुढे विहीर आहे’ यात ‘पुढे’ स्थलवाचक. ‘पुढे ती विहीर आटली’ यात तोच कालवाचक.

‘ती चांगली मुलगी आहे’, ‘ती चांगली गाते’. मराठीत दोहोंकडे ‘चांगली’. म्हणून विद्यार्थी इंग्रजीतही दोहोंकडे ‘गुड’ योजतो. दोष त्याचा कमी, सवयीचा अधिक. गाण्याच्या क्रियेला तेथे ‘वेल’ हवे, आणि ते लिंगानुसार बदलत नाही. मराठीत मात्र तो ‘चांगला’ गातो. म्हणून हा शब्द क्रियाविशेषण खरा, पण अव्यय नव्हे.