तव्यावरचा हत्ती : मुलांच्या ताटातील लोहाविषयी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ६ ते ५९ महिने वयाच्या बालकांपैकी ६७.१ टक्के बालकांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ५८.६ टक्के होते. रक्तक्षय म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिन गरजेपेक्षा कमी असणे, आणि त्याचे एक प्रमुख कारण म्हणजे आहारातील लोहाची कमतरता. याच वयात मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होत असते. त्यामुळे लोह कमी पडले तर मूल केवळ फिकट दिसते एवढ्यावर हे थांबत नाही. त्याचे खेळणे, लक्ष देणे आणि शिकणेही मंदावते.

दुसरीकडे, याच वयाचे मूल जेवायला बसत नाही अशी तक्रार जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते. सुमारे दीड वर्षानंतर अनेक मुले अनोळखी पदार्थाकडे संशयाने पाहू लागतात. कालपर्यंत खाल्लेली भाजी आज दूर सारतात. हा आजार नव्हे, वाढीचा एक टप्पा आहे. मात्र या टप्प्यावर मोबाइल दाखवून घास भरवण्याची किंवा केवळ दूध-बिस्किटांवर भागवण्याची सवय लागली, तर लोहाची तूट भरून निघत नाही. दुधात लोह अत्यल्प असते. एक वर्षावरील मूल दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक दूध पीत असेल, तर इतर अन्नासाठी त्याच्या पोटात जागाच उरत नाही.

धिरडे येथे उपयोगी पडते. महाराष्ट्रात धिरडे, घावन किंवा आंबोळी, उत्तरेत चिला, गुजरातेत पुडला, आंध्रात मुगाचा पेसरट्टू, तमिळनाडूत अनेक डाळींचे अडै, ओडिशात चकुली पिठा : नाव कोणतेही असो, भिजवलेले पीठ तव्यावर घालण्याची कृती देशभर परिचित आहे. तेच पीठ पळीऐवजी चमच्याने घातले की त्याचा मासा, ससा किंवा हत्ती होतो. आकारामुळे पोषण वाढत नाही. आकार मुलाला ताटाजवळ आणतो, एवढेच त्याचे काम. पोषण पिठात असते, म्हणून आधी पिठाचा विचार करावा.

प्राण्यांच्या आकाराची धिरडी बहुधा मैदा, साखर आणि बेकिंग पावडर घालून केली जातात. मैद्याच्या १०० ग्रॅममध्ये लोह २ मिलिग्रॅमहूनही कमी असते; बाजरीत ते सुमारे ६.४, हरभऱ्याच्या डाळीत ६, नाचणीत ४.६ आणि मूगडाळीत सुमारे ३.९ मिलिग्रॅम असते. नाचणीत त्याशिवाय १०० ग्रॅममागे सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या शिफारशीनुसार १ ते ३ वर्षांच्या बालकास दिवसाला ८ मिलिग्रॅम आणि ४ ते ६ वर्षांच्या बालकास ११ मिलिग्रॅम लोह लागते. एका मध्यम धिरड्यात सुमारे ३० ग्रॅम पीठ जाते असे धरले, तर बाजरीच्या धिरड्यातून जवळपास २ मिलिग्रॅम लोह ताटात येते, मैद्याच्या धिरड्यातून जेमतेम अर्धा.

धान्यातील आणि डाळीतील लोहाचा थोडाच भाग शरीरात शोषला जातो. तो वाढवण्याचे उपाय मात्र स्वयंपाकघरातच आहेत. धान्य आणि डाळ भिजवल्याने, मोड आणल्याने किंवा पीठ आंबवल्याने लोहाचे शोषण अडवणारे घटक कमी होतात. धिरड्याबरोबर लिंबू पिळलेली कोथिंबिरीची चटणी, आवळा किंवा पेरूची फोड दिली, तर त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. चहा याच्या उलट काम करतो. लहान मुलांना चहा देऊच नये. मोठ्यांनीही जेवण आणि चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवावे. १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांमध्येही ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे याच सर्वेक्षणात दिसले. म्हणून ही धिरडी केवळ मुलासाठी वेगळी न करता घरातील सर्वांनी एकत्र बसून खावीत. आई जे खाते ते मूल लवकर खाते.

कृती

चार जणांसाठी एक वाटी मूगडाळ आणि पाव वाटी तांदूळ धुऊन चार तास भिजवावेत. पाणी निथळून, मूठभर पालक, आल्याचा लहान तुकडा आणि चिमूटभर हळद घालून बारीक वाटावे. आयोडीनयुक्त मीठ बेताचे घालावे. हे पीठ नेहमीच्या धिरड्यापेक्षा थोडे घट्ट असावे : चमचा उलटा केला असता जाड धारेने पडावे, पाण्यासारखे वाहू नये. दुसऱ्या वाटीत तीन-चार चमचे नाचणीचे पीठ पाण्यात कालवून तितकेच घट्ट करावे. मुगाचे पीठ अंग भरण्यासाठी, नाचणीचे गडद पीठ रेघा काढण्यासाठी.

तवा मंद आंचेवर तापवून तेलाचा हलका हात फिरवावा. लोखंडी तवा असल्यास उत्तम. आंबट पीठ त्यावर शिजताना थोडे लोह पिठात उतरते. प्रथम नाचणीच्या पिठाने प्राण्याची बाह्यरेषा काढावी आणि डोळ्याच्या जागी एक थेंब टाकावा. अर्धा मिनिट थांबावे. रेघ तव्याला धरली की आत मुगाचे पीठ चमच्याने भरावे, झाकण ठेवावे. वरचा ओलेपणा गेला आणि कडा सुटू लागल्या की रुंद उलथण्याने एका झटक्यात उलटावे. तव्याला टेकलेली बाजूच ताटात वर येते, म्हणून रेघ आधी आणि भराव नंतर. त्यामुळे चित्रही आरशातल्यासारखे उलट होते : तव्यावर उजवीकडे तोंड केलेला मासा ताटात डावीकडे पाहतो. मुलाच्या नावाचे अक्षर काढायचे झाल्यास हे विशेष ध्यानात ठेवावे.

सुरुवात माशापासून करावी. एक लंबगोल आणि शेपटीचा त्रिकोण, एवढेच. मांजरासाठी एक गोल आणि दोन टोकदार कान पुरतात. कासव तर जवळजवळ आपोआप होते. हत्तीसाठी मधे मोठा गोल, दोन्ही बाजूंस पसरट कान आणि खाली सोंड काढावी. सोंड बोटाएवढी जाड ठेवावी, बारीक सोंड उलटताना हमखास तुटते. तुटलीच तर मुलांना त्याचे काही वाटत नाही, मोठ्यांनाच वाटते.

रंगासाठी बाजारातील कृत्रिम रंगांची गरज नाही. हळदीचा पिवळा व पालकाचा हिरवा रंग तव्यावर बऱ्यापैकी टिकतो, गाजराचा केशरीही. बिटाचा लाल रंग उष्णतेने तपकिरी होत जातो. पिठात थोडे लिंबू घालून आंच मंद ठेवल्यास तो काहीसा वाचतो. बीट खाल्ल्यानंतर मुलाची लघवी किंवा शौच लालसर झाल्यास ते रक्त समजून घाबरू नये. एक-दोन दिवसांत हा रंग गेला नाही तर मात्र दाखवून घ्यावे.

डोळे, नाक किंवा मिश्या यांसाठी अख्खे शेंगदाणे, हरभरे, द्राक्षे अथवा कच्च्या गाजराचे तुकडे वापरू नयेत. पाच वर्षांखालील मुलाच्या श्वासनलिकेत असा तुकडा अडकू शकतो. नाचणीचा थेंब किंवा शिजवून चेपलेला वाटाणा पुरेसा आहे. एक वर्षाखालील बाळाला मध कधीही देऊ नये. त्याच्या घासात मीठ-साखरही घालू नये. त्याच्यासाठी थोडे पीठ मीठ घालण्यापूर्वी बाजूला काढून मऊ धिरडे करावे व कुस्करून द्यावे. दोन वर्षांपर्यंत साखर टाळणेच हितावह.

तीन वर्षांचे मूल साबणाने हात धुऊन पीठ ढवळू शकते, कोणता प्राणी हवा ते सांगू शकते. ज्या पदार्थाला मुलाचा हात लागलेला असतो, तो चाखून पाहण्यास ते सहसा तयार होते. कच्चे पीठ मात्र चाखू देऊ नये. तव्यापासून त्याला हातभर नव्हे, चांगले दोन-तीन पावले दूर बसवावे आणि तव्याचा दांडा आत वळवून ठेवावा. भाजल्यास तो भाग ताबडतोब नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद किंवा तूप लावू नये. फोड आल्यास, किंवा चेहरा, हात वा सांधा भाजल्यास दवाखान्यात न्यावे.

ताटात काय आणि केव्हा वाढायचे हे पालकांनी ठरवावे. किती खायचे हे मुलाला ठरवू द्यावे. हत्तीचा एक कान खाऊन मूल उठले तर उठू द्यावे, पुढच्या जेवणात पुन्हा वाढावे. नवी चव स्वीकारण्यापूर्वी काही मुलांना ती दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते. “मासा संपवलास तर चॉकलेट देईन” असे म्हटले की चॉकलेट मोठे ठरते आणि मासा शिक्षा. चित्र रोज काढण्याचीही गरज नाही. आठवड्यातून एक-दोनदा प्राणी, एरवी त्याच पिठाचे साधे गोल धिरडे, अशी सवय ठेवल्यास मूल पदार्थाच्या चवीशी परिचित होते, केवळ आकाराशी नाही.

उरलेले पीठ झाकून शीतकपाटात ठेवावे व दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावे. शीतकपाट नसल्यास लागेल तेवढेच वाटावे, उन्हाळ्यात तर निश्चितच.

हा आहार औषधाला पर्याय नाही. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमांतर्गत ६ ते ५९ महिने वयाच्या बालकांना लोह व फॉलिक ॲसिडचे सिरप आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी १ मिलिलिटर दिले जाते. ते आशा कार्यकर्तीकडे विनामूल्य मिळते. मुलाचे तळहात किंवा पापण्यांच्या आतील बाजू फिकट दिसत असतील, ते माती किंवा खडू खात असेल, खेळताना लवकर दमत असेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. सिरप सुरू असताना शौच काळसर होते. त्या कारणाने सिरप बंद करू नये.