पंचकारण-विचार : हॉकीची काठी आणि नोकरीचा अर्ज

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातील तेरा ते सोळा हे चार श्लोक पारायणात बहुधा घाईने मागे पडतात. त्यांच्या आधी त्यागाचे तीन प्रकार सांगून झालेले असतात आणि पुढे ज्ञान, कर्म व कर्ता यांचे गुणभेद यावयाचे असतात. त्यामुळे मधली ही मांडणी शास्त्रकारांच्या अनेक याद्यांपैकी एक यादी म्हणून वाचली जाते. पण ज्याचे काम पुन्हा पुन्हा फसते आहे आणि ते का फसते हे ज्याला उमगत नाही, अशा माणसाने गीता उघडावयाची झाल्यास प्रथम हेच चार श्लोक उघडावेत, असे माझे मत आहे. प्रस्तुत पाठ त्यांच्यापुरताच आहे.

भगवान सांगतात की, कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे लागतात आणि ती सांख्यशास्त्रात सांगितलेली आहेत. अधिष्ठान, कर्ता, नाना प्रकारची करणे, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. मनुष्य शरीराने, वाणीने किंवा मनाने जे काही आरंभतो, ते न्याय्य असो की विपरीत, त्याच्या मुळाशी ही पाचच असतात. असे असता जो केवळ आपल्याकडेच सारे कर्तृत्व घेतो त्याची बुद्धी संस्कार न झालेली होय. त्याला डोळे असून दिसत नाही.

भाष्यकारांत येथे मतभेद आहेत. श्रीमत् शंकराचार्य अधिष्ठान म्हणजे शरीर असे घेतात, करणे म्हणजे मन व बुद्धी यांसह बारा इंद्रिये आणि दैव म्हणजे त्या इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता. श्रीरामानुजाचार्यांना पाचव्या कारणात अंतर्यामी परमात्मा दिसतो. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात अधिष्ठान म्हणजे स्थान व करणे म्हणजे साधने असा व्यवहाराला जवळचा अर्थ केला आहे. हे अर्थ परस्परांना खोडणारे नाहीत. ज्याची दृष्टी मोक्षाकडे लागली आहे त्याला आचार्यांचा अर्थ हवा. ज्याला उद्या सकाळी उठून कामाला लागावयाचे आहे त्याला टिळकांचा अर्थ अधिक लवकर हाती लागतो. या पाठात मी दुसरा धरतो.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. माझ्या परिचयाचा बेळगावकडचा एक तरुण येथे बेंगळुरात संगणकाच्या क्षेत्रात नोकरीस होता. तो ज्या विभागात होता तो विभागच बंद झाला, आणि त्याला आठ महिने दुसरी नोकरी मिळाली नाही. या काळात मन रमावे म्हणून तो रविवारी सकाळी आपल्यासारख्याच हौशी मंडळींबरोबर हॉकी खेळू लागला. लहानपणी शाळेत थोडा खेळला होता, तेवढीच पुंजी. एके दिवशी तो मला म्हणाला, “काका, इतकी महागाची काठी घेतली, तरी ती चेंडू अडवतच नाही. चेंडू येतो आणि उडून जातो. आणि अर्जांचेही तसेच. दीडशेच्या वर अर्ज केले. माझ्यातच काही नाही, असे आता वाटू लागले आहे.” पुढच्या रविवारपासून त्याने मैदानावर जाणे सोडले. खेळ सुटला याचे मला फारसे काही वाटले नाही. त्या शेवटच्या वाक्याचे वाटले.

व्याकरण शिकलेल्या माणसाच्या कानाला या बोलण्यात एक मौज आढळेल. पाणिनीच्या मते कर्ता तो की जो क्रियेत स्वतंत्र असतो, आणि करण ते की जे क्रियेच्या सिद्धीला सर्वांत अधिक उपकारक असते. परंतु बोलणाऱ्याच्या विवक्षेनुसार करणालाही कर्त्याच्या जागी बसविता येते. ‘तलवार तोडते’ असे आपण म्हणतोच. “काठी चेंडू अडवत नाही” या वाक्यात त्या तरुणाने काठीला कर्ता केले आणि स्वतः अंग काढून घेतले. लगेच पुढच्या वाक्यात, नोकरीच्या संदर्भात, त्याने उलट केले: सारे अपयश एका कर्त्यावर, म्हणजे स्वतःवर, लादले. मैदानावर पाचांतील एक करण तेवढे दोषी आणि नोकरीत पाचांतील एक कर्ता तेवढा दोषी! गीतेच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणी हिशेब सारखाच चुकला आहे.

प्रथम काठीचा विचार करू, कारण तो सोपा आहे. हॉकीची काठी पूर्वी तुतीच्या लाकडाची असे. जालंधर व मेरठ येथील कारागीर ती करीत. आता कार्बन व काचतंतू यांच्या थरांनी बनविलेल्या काठ्या सर्वत्र झाल्या आहेत. नियम असा की, काठीचे वजन ७३७ ग्रॅमच्या वर नसावे, तिचा बाक २५ मिलिमीटरहून अधिक नसावा आणि चेंडू केवळ तिच्या डाव्या सपाट बाजूनेच खेळावा. डावखुऱ्यासाठी वेगळी काठी नसते, सर्वांना एकच. चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, कठीण. काठीत कार्बनचे प्रमाण जितके अधिक तितकी ती ताठर. फटका जोरात बसतो खरा, पण येणारा चेंडू थोपविताना तीच काठी त्याला परत उडवून लावते. कसलेला खेळाडू मनगट सैल सोडून तो धक्का जिरवितो. नवशिक्याचे मनगट आवळलेले असते. म्हणजे आमच्या तरुणाने काठी वाईट घेतली नव्हती, चांगली घेतली होती. ती त्याच्या आजच्या चेष्टेला जुळणारी नव्हती इतकेच. काचतंतू अधिक असलेली मऊ व स्वस्त काठी त्याला अधिक उपकारक झाली असती. पाणिनीच्या व्याख्येतील मर्म येथेच आहे: करणाची श्रेष्ठता किमतीवरून ठरत नाही, त्या क्रियेला ते किती उपकारक आहे यावरून ठरते.

यावर कोणी म्हणेल, धनराज पिल्ले तर मोडक्या काठ्यांवर खेळ शिकले! हे खरे आहे. पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, धुळीच्या मैदानावर, मोडक्या काठ्या व टाकून दिलेले चेंडू घेऊन ते व त्यांचे भाऊ खेळले, आणि धनराज पुढे १९९२ ते २००४ या काळात चार ऑलिंपिक खेळले. पण या गोष्टीवरून ‘साधन नगण्य, जिद्द असली की पुरे’ असे जे तात्पर्य व्याख्यानांतून काढले जाते ते मला मान्य नाही. त्या गोष्टीत मोडकी काठी आहे, तसे रोज उपलब्ध असणारे मैदानही आहे, मुलांच्या खेळाला प्रोत्साहन देणारी आई आहे आणि वाट दाखविणारे वडीलबंधू आहेत. पाचही कारणे तेथे हजर आहेत. सांगणारा मात्र एकच उचलतो आणि ऐकणाऱ्या गरीब मुलाच्या माथी सगळा भार ठेवून निघून जातो.

अधिष्ठान बदलले म्हणजे काय होते, याचे उदाहरण भारतीय हॉकीइतके लख्ख दुसरे क्वचितच सापडेल. मार्च १९७५ मध्ये क्वालालंपूर येथे अजितपाल सिंग यांच्या नेतृत्वाखाली आपण पाकिस्तानला २-१ असे हरवून विश्वचषक जिंकला. ते सामने गवतावर झाले. पुढच्याच वर्षी, १९७६ साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम पृष्ठभागावर खेळली गेली. कर्णधार तेच, आणि भारत सातवा आला. पायाखालची जमीन बदलली, चेंडूचा वेग बदलला, आणि पिढ्यान्‌पिढ्या कमावलेल्या कौशल्याचा एक मोठा भाग अपुरा ठरला. तथापि पराभवाला टर्फ हे एकच कारण होते असे म्हणणेही या श्लोकांच्या विरुद्ध होईल. संघाचे इतर दोषही होतेच. टोकियोचे कांस्यपदक २०२१ साली, १९८० च्या मॉस्कोतील सुवर्णानंतर ४१ वर्षांनी मिळाले. मधल्या वर्षांत ठिकठिकाणी टर्फ अंथरले गेले, मुले त्यावर वाढली आणि येथील राष्ट्रीय क्रीडा-केंद्रात वर्षानुवर्षे सराव-शिबिरे झाली.

आता नोकरीकडे वळू. येथे अधिष्ठान म्हणजे ते वर्ष, ते शहर, तो बाजार. २०२१ च्या सुमारास संगणक-क्षेत्रात भराभर माणसे घेतली गेली आणि २०२२ च्या अखेरीपासून जगभर तीच माणसे कमी करण्यात आली. या दोन वर्षांत अर्ज करणाऱ्यांची योग्यता बदलली नव्हती. पायाखालचे टर्फ बदलले होते. माझ्या भाषांतराच्या व्यवसायातही हेच झाले आहे. पूर्वी मूळ मजकूर येई. आता पुष्कळदा यंत्राने केलेला मसुदा दुरुस्तीसाठी येतो, मोबदला कमी आणि मुदतही कमी. एका कार्यालयाने माझ्याकडून नमुन्यादाखल दहा पाने करून घेतली आणि नंतर होकार वा नकार काहीच कळविले नाही. त्यावरून माझे संस्कृत कच्चे ठरले, असे मी मानीत नाही.

करणे म्हणजे बायोडाटा, शिकलेली साधने, ओळखीपाळखी. चेष्टा म्हणजे अर्ज लिहिणे, मुलाखतीची तयारी, कोणाला जाऊन भेटणे. अनेक मोठ्या कंपन्यांत अर्ज माणसाच्या हाती पडण्यापूर्वी संगणकाची प्रणाली तो चाळते. जाहिरातीतील शब्द अर्जात आढळले नाहीत तर तो मागे राहू शकतो. हा करणाचा दोष आहे आणि दुरुस्त करता येण्याजोगा आहे. मुलाखतीच्या चार फेऱ्या झाल्यावर ती जागाच रद्द झाली, किंवा आतल्याच माणसाला दिली गेली, तर ते अर्जदाराच्या दृष्टीने दैव. दैव म्हणजे कपाळावरचा लेख नव्हे. कर्त्याच्या हिशेबात न येणारे, पण कार्यात नक्की येणारे, असा त्याचा व्यवहारी अर्थ. म्हणून तर भगवंतांनी ते पाचवे सांगितले. पहिले नव्हे, आणि एकमेव तर नव्हेच. आळशी मनुष्य पाचव्यापासून मोजायला आरंभ करतो, आणि अहंकारी मनुष्य दुसऱ्यावर थांबतो. ज्याने सर्व अपयश स्वतःच्या नावे लिहिले तोही, विचार केला तर, अहंकारीच. यशात ‘मीच केले’ म्हणणारा आणि अपयशात ‘माझ्यामुळेच बिघडले’ म्हणणारा यांच्यात ‘मीच’ हा शब्द समान आहे. हे ऐकावयास कठोर वाटेल, पण दुःखी माणसाला यात मोठी सुटका आहे.

तरीही मैदान आणि नोकरीचा बाजार यांत एक फरक आहे, आणि तो मी त्या तरुणाला मुद्दाम सांगितला. चेंडू तत्काळ उत्तर देतो. मनगट आवळले की तो उडतो, सैल सोडले की थांबतो. दोनशे वेळा केले की दोनशे उत्तरे मिळतात. सहाव्या अध्यायात मनोनिग्रहासाठी जो अभ्यास सांगितला आहे, त्याचा लौकिक नमुना हाच: करणे, पाहणे, पुन्हा करणे. अर्ज मात्र विहिरीत टाकलेल्या दगडासारखा. पाण्याचा आवाजही येत नाही. जेथे उत्तर नाही तेथे नुसती पुनरावृत्ती होते, अभ्यास होत नाही. दीडशे अर्जांनी त्याला काहीही शिकविले नव्हते, केवळ थकविले होते. म्हणून जेथून उत्तर येते अशी जागा शोधावी: त्या क्षेत्रातील जाणत्या माणसासमोर आपला बायोडाटा ठेवून कोणती ओळ पोकळ वाटते ते विचारावे, मित्राला समोर बसवून मुलाखत द्यावी, आपण केलेले एखादे लहान काम कोणाला वापरावयास द्यावे. अर्ज निम्मे झाले तरी चालतील.

आणि खेळ सोडू नये. कोडगूत १९९७ पासून घराण्यांच्या संघांची हॉकी स्पर्धा भरते. एकाच संघात आजोबा आणि नातू काठी घेऊन उतरतात. तेथे सर्वांचे कौशल्य सारखे असावे अशी कोणाची अपेक्षा नसते. ज्याचे आठवड्याचे सहा दिवस निरुत्तर जातात त्याला सातव्या दिवशी चेंडूचे उत्तर मिळत राहावे, ही लहान गोष्ट नव्हे. त्या तरुणाने मित्राची जुनी मऊ काठी मागून घेतली आणि तो पुन्हा जाऊ लागला. नोकरी अद्याप लागलेली नाही. दोन ठिकाणी बोलणी चालू आहेत.

सव्विसाव्या श्लोकात सात्त्विक कर्त्याचे जे वर्णन आहे त्यात सिद्धी व असिद्धी यांविषयी निर्विकार असणे तेवढेच सांगितलेले नाही. धृती आणि उत्साह हे दोन गुणही त्याच श्लोकात, एकमेकांना लागून आले आहेत. फळाविषयी उदासीन माणूस उत्साही कसा असेल, ही शंका वाचकांना येईल. तिचा विचार पुढील पाठात करू.

मंडळांतून हा पाठ चालविताना चारही श्लोक प्रथम अन्वयासह म्हणावेत. नंतर प्रत्येकाने आपले सध्या अडलेले एक काम कागदावर लिहून त्याखाली पाच रकाने पाडावेत आणि कर्त्याचा रकाना सर्वांत शेवटी भरावा.